नावापुढचा कंस

जून लागला की माझ्या दुकानात दोन वास एकत्र नांदतात. एक झेरॉक्स मशीनच्या तापलेल्या पावडरीचा, दुसरा जांभळांचा. निकालाचे कागद घेऊन निघालेली पोरं वाटेवरची जांभळं खात येतात आणि त्याच बोटांनी गुणपत्रिका माझ्या हातात देतात. मी ती लगेच काचेवर पालथी घालत नाही. आधी वाचतो. विषय बघतो, टक्के बघतो, तोंडाने "अरे वा!" म्हणतो, आणि त्याच क्षणी बेंबीच्या वर दोन बोटांवर एक बारीकशी कळ येते. डॉक्टर तिला अ‍ॅसिडिटी म्हणतात. मी तिला नावानिशी ओळखतो. मत्सर तिचं नाव. दर जूनला ती माझ्याकडे माहेरपणाला येते, आणि खरं सांगायचं तर एखाद्या वर्षी तिला उशीर झाला, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दुकान तलासरीच्या बाजाराच्या रस्त्यावर. पाटीवर लिहिलंय: लग्नपत्रिका, बिलबुकं, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म. घर गंजाडला, चिकूच्या वाडीत. मोटारसायकलवरून रोजची ये-जा. मूळ धंदा लग्नपत्रिकांचा, बाकीचे मागून आलेले पाहुणे. मी पत्रिका शिशाचे खिळे जुळवून केल्या आहेत, पायाने ट्रेडल मारून छापल्या आहेत आणि आता संगणकावर करतो. खिळ्यांच्या काळात लाकडी खणांमध्ये प्रत्येक अक्षराचा आपापला कप्पा असे. 'श्री'चा कप्पा सारखा रिकामा व्हायचा. काना-मात्रा झिजून गुळगुळीत व्हायच्या. पण कंसाचे खिळे? कोरे करकरीत! वर्षानुवर्षं त्यांच्यावर धूळ. कारण पत्रिकेत कंस लागायचा तो नावापुढे शिक्षण लिहायला, आणि कंसात बसवावं एवढं शिक्षण आमच्या पाड्यांवर लग्नाच्या वयात कोणाकडे नसायचं.

मग २०१४च्या आसपास एकाएकी कंसांचा सुकाळ झाला. आश्रमशाळांतून निघालेली पोरं कॉलेजात गेली होती, ती आता बोहल्यावर चढायला लागली. सायवनची एक पत्रिका मला अजून पाठ आहे. नवरा डी.एड., नवरी बी.ए., मामा बी.एस्सी., मामी नर्सिंग, धाकटा काका आय.टी.आय. फिटर. एवढंच काय, खाली 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणारी जी चिल्लीपिल्ली असतात, त्यांतल्या एका चिमुरडीपुढेही कंस: सिनियर के.जी. मी तो कंस छापला. हसत हसत छापला. आणि मशीन फिरत असताना लक्षात आलं, की मला त्या सिनियर के.जी.चाही हेवा वाटतोय.

का वाटावा? सगळी तलासरी मला 'सर' म्हणायची. वापीहून कोऱ्या पत्रिकांचा माल घेऊन येणारे जयेशभाई तर दुकानात पाय टाकताच हात जोडायचे, "तमे तो भणेला माणस!" शिकलेला माणूस. आणि हा शिकलेला माणूस मान किंचित झुकवून, डोळे अर्धे मिटून तो नमस्कार असा स्वीकारायचा, की नाटकातल्या राजानेही शिकवणी लावावी.

तर मंडळी, पडदा जरा बाजूला करतो.

माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः जुळवली होती. डहाणूच्या कॉलेजात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती आणि काकांच्या छापखान्यात हाताखाली काम करत होतो. निकाल जूनमध्ये, लग्न मे महिन्यात. आता निकाल लागायचाच आहे तर कंस आधी लागला म्हणून काय बिघडलं? धुळीतले दोन कंस मी फुंकर मारून उचलले, फडक्याने पुसले आणि आपल्या नावापुढे बसवले. मध्ये बी.कॉम. काय शोभत होतं म्हणून सांगू! सासऱ्यांनी ती पत्रिका अख्ख्या गावात मिरवली. जूनमध्ये निकाल लागला. तीन विषय गेले.

पुन्हा परीक्षेला बसायचं, तर आधी नापास झालो हे सांगायचं. मी गप्प राहिलो. गप्प राहण्याची गंमत अशी, की पहिले सहा महिने अवघड जातात, पुढची पंचवीस वर्षं आपोआप जातात. मी खोटं असं कधी बोललो नाही. लोक 'सर' म्हणायचे, मी 'बोला' म्हणायचो.

आणि ज्याने आयुष्यात एकच खोटा कंस छापला, त्याच्या नशिबी काय यावं? हजारो खरे कंस छापणं.

त्याच २०१४ साली झरीचा काशिनाथ धाकट्या भावाची पत्रिका करायला आला. नवऱ्यापुढे बी.ए. लिहू ना, असं मी विचारलं, तर तो खुर्चीतून पुढे सरकला.

"नाय सर, तसं नका लिव्हू. त्याचा इंग्रजी राहिलाय."

"अरे, पुढच्या वर्षी सुटेल. लोकांना काय कळतंय?"

"लोकांचं सोडा. पयली पत्रिका गावदेवीपुढं ठेवायची. तिच्यापुढं खोटा कागद कसा ठेवू?"

"मग काय लिहू?"

"लिवा, बी.ए., इंग्रजी राहिलाय."

मी लिहिलं. नावापुढे कंस, कंसात बी.ए., स्वल्पविराम, इंग्रजी राहिलाय. प्रूफ बघून काशिनाथने समाधानाने मान हलवली. त्या दिवशी माझ्या पोटातली कळ सिनियर के.जी.च्या वेळेपेक्षा बरीच मोठी होती. राहिलेला विषय उघड छापून माणूस इतका ऐटीत बसू शकतो, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

त्या जूनमध्येच आमच्या घरात मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. आणली वासंतीने, म्हणजे माझ्या बायकोने. ती गंजाडच्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका. शिक्षण दहावी. पदवी असली तर पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"अहो, एवढा फॉर्म भरून द्या," ती म्हणाली. "आधी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, मग तीन वर्षं बी.ए. रविवारी वर्ग असतात, डहाणूला."

"या वयात?" मी विचारलं.

"वय माझं आहे. तुम्ही फॉर्म भरा."

मी पुस्तिका दुकानात नेली आणि दुपारी बाजार सुस्तावल्यावर उघडली. काय सांगू! हलवायाच्या काचेपुढे पथ्यावरचा माणूस उभा राहावा, तसं माझं झालं. एकेका विद्याशाखेचं एकेक पान. मानव्यविद्या शाखेत बी.ए., मराठी घ्या, इतिहास घ्या, लोकप्रशासन घ्या. वाणिज्य शाखेत बी.कॉम. (हे पान मी जरा भरभर उलटलं). कृषी विद्याशाखेत फळबाग, भाजीपाला, रोपवाटिका, आणि सगळं नीट पार पाडलं तर कृषीची पदवी. पत्रकारिता. ग्रंथालयशास्त्र. संगणक. शिक्षणशास्त्र, पण त्याला आधी दुसरी एखादी पदवी हवी, म्हणजे जेवण झाल्याशिवाय विडा नाही. आरोग्य विज्ञान शाखेत तर योगशिक्षकसुद्धा. एका विद्यापीठात इतकी दारं, आणि मी त्या सगळ्यांच्या बाहेर 'सर' म्हणून उभा.

वासंतीचा फॉर्म भरला. छापला. आणि मग इकडेतिकडे बघून आणखी एक फॉर्म उघडला. स्वतःचा. विद्याशाखा: वाणिज्य. सगळे रकाने भरले, कागद छापून त्यावर फोटो चिकटवला, झोकात सही केली. आणि तो कागद पत्रिकांच्या नमुन्यांचा जो जाडजूड अल्बम असतो, त्याच्या मागच्या खिशात सरकवून दिला. अभ्यासकेंद्र डहाणूला. तिथे अर्धे लोक माझ्याकडे पत्रिका छापलेले. त्यांच्यासमोर 'सर' प्रथम वर्षाच्या बाकावर बसणार? छे.

पुढच्या जूनमध्ये ती खऱ्याखुऱ्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि मी पत्रकारितेचा फॉर्म भरला. त्याच्या पुढल्या वर्षी ग्रंथालयशास्त्र. मग कृषी, कारण आमच्या चिकूवर तेव्हा कसलीशी अळी पडली होती आणि मला वाटलं, शेजारच्या वाडीवाल्याने येऊन मला विचारावं. २०१८ साली तर योगशिक्षक. पोट आत घेऊन फोटो काढला होता. एकही फॉर्म केंद्रावर गेला नाही. अल्बमचा खिसा मात्र फुगत गेला.

त्या वर्षांतली आमची पडवी मला आजही दिसते. चार वाजता अंगणवाडी आटपून वासंती यायची, चिकूच्या टोपल्या एका बाजूला सारायची आणि चटईवर पुस्तकं मांडायची. पिकायला ठेवलेल्या चिकूंचा गोडसर वास आणि नव्या पुस्तकांचा कोरडा वास. ती स्वाध्याय लिहायची तेव्हा जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात यायचं, अंगणवाडीतल्या पोरांसारखं. मला ते बघवायचं नाही. आणि न बघताही राहवायचं नाही. मी उगाच पाणी प्यायला आत-बाहेर करायचो.

"अहो, तुम्ही बी.कॉम. ना?" ती मान वर न करता विचारायची. "मागणीचा नियम म्हणजे काय हो?"

मी घसा खाकरायचो. "मागणी! मागणी म्हणजे असं बघ... आता समज, घोलवडच्या बाजारात चिकू आला."

"आला."

"भरपूर आला. मग गिऱ्हाईक काय करतो?"

"काय करतो?"

"तो... विचार करतो."

"बरं," म्हणून ती गंभीरपणे लिहून घ्यायची. मी छाती फुगवून बाहेर जायचो आणि विहिरीपाशी जाऊन घाम पुसायचो. तिच्या ओठाचा दुसरा कोपरा त्या वेळी कुठे असायचा, हे मी कधी पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं.

परीक्षेचे दिवस मे महिन्यातले. मी तिला मोटारसायकलवर डहाणूला सोडायचो आणि केंद्राबाहेरच्या गुलमोहराखाली थांबायचो. एकटा नव्हतो. तिथे नवऱ्यांची एक रांगच असायची. कोणाच्या कडेवर पोर, कोणाच्या हातात डबा, कोणाकडे बायकोची पर्स. आत बायका पेपर लिहिताहेत आणि बाहेर आम्ही एकमेकांची बैलांच्या बाजारातल्यासारखी चौकशी करतोय.

"तुमची कुठली?" सायवनचा एकजण पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत विचारायचा.

"मानव्यविद्या. दुसरं वर्ष. तुमची?"

"आमची वाणिज्य."

"अवघड असतं," मी म्हणायचो. हे मात्र मी अनुभवाने बोलत होतो.

"सर, तुमचं बरं आहे. तुमचं झालंय सगळं. आमच्या घरात आता तीच शिकलेली. काल मला सांगते, तुमचं बोलणं मुद्द्याला धरून नसतं."

सगळे हसले. मीही हसलो. पण शेवटची घंटा झाली आणि ती बायकांची रांग बाहेर आली, बोटांना शाई, केसांतला गजरा उन्हाने मलूल, चेहऱ्यावर भांडण जिंकल्यासारखं तेज, तेव्हा आम्हा सगळ्या नवऱ्यांचे चेहरे एकाच साच्यातून काढल्यासारखे झाले. कौतुक वरच्या थराला होतं. खाली काय होतं, ते मला तरी ठाऊक आहे.

२०१८ साली वासंती बी.ए. झाली. दुसऱ्या श्रेणीत. पाड्यावरच्या बायकांनी तिला ओवाळलं. मी पेढे वाटले आणि रात्री पोटदुखीचं औषध घेतलं.

आणि मग उजाडलं २०१९. आमच्या मानसीचं, एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. ती नर्स, मुलगा शिक्षक, घर डहाणूचं, माणसं सज्जन. पण साखरपुड्याच्या बैठकीत व्याह्यांनी आपली ओळख करून दिली. मी ज्या कॉलेजात नापास झालो, त्याच कॉलेजच्या ऑफिसात ते हेडक्लार्क होते. तीस वर्षं. सगळी जुनी रजिस्टरं त्यांच्याच कपाटात.

"तुम्ही आमच्याच कॉलेजचे, असं ऐकलं," ते प्रेमाने म्हणाले.

"हो, म्हणजे... तिथे होतो," मी म्हणालो.

मे महिन्यात मानसीला पत्रिकेचा नमुना निवडायला अल्बम घरी नेला. मायलेकी दोन दिवस तो चाळत होत्या. मागच्या खिशाची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली. धावत जाऊन पाहिलं, तर पाचही फॉर्म जिथल्या तिथे. जीव भांड्यात पडला. जुलैत एकदा भर गर्दीच्या वेळी वासंतीचा दुकानात फोन आला. "अहो, तुमच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल, सहा आकडी. तेवढा वाचा." गॅसचं बुकिंग असणार, ते माझ्याच नावावर. मी प्रूफ वाचतो तशा खणखणीत आवाजात सहा आकडे वाचले आणि विसरून गेलो.

तुळशीचं लग्न झालं आणि मी पत्रिका जुळवायला बसलो. लेकीची पत्रिका! चि. सौ. कां. मानसी, कंस, बी.एस्सी. नर्सिंग. चि. अमोल, कंस, एम.ए. बी.एड. बोटं कशी नाचत होती. मग ओळ आली आई-वडिलांची. सौ. वासंती, आणि कंस. आणि तिच्या शेजारी मी.

आता काय करू? माझ्यापुढे बी.कॉम. लिहावं, तर पत्रिका जाणार थेट रजिस्टरवाल्याच्या हातात. न लिहावं, तर बायको बी.ए. आणि शेजारी नवरा नुसताच, दात पडलेल्या हिरडीसारखा. सगळी तलासरी विचारणार, सरांचं शिक्षण छापायचं कसं राहिलं? आणि मग मी वासंतीचा कंस पुसला. दोन कळा दाबल्या, संपलं. तिची चार वर्षं, तिचे ते सगळे रविवार, जिभेचं ते टोक. दोन कळा.

प्रूफ घरी नेलं. मानसीने बघताक्षणी विचारलं, "बाबा, आईचं बी.ए. राहिलं. आणि तुमचंही!"

"ओळीत बसत नाही गं. जागा कमी पडते."

मानसीने कागदाकडे पाहिलं. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंना बोर्डीच्या किनाऱ्यासारखी मोकळी जागा पसरली होती. ती काही बोलणार, तेवढ्यात वासंती म्हणाली, "नसेल जागा, तर राहू दे. त्यांना कळतं त्यातलं." आणि ती तांदूळ निवडायला लागली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात मी तयारीचा आहे.

तीनशे पत्रिका छापून झाल्या. पहिली पत्रिका वासंती सकाळीच गावदेवीपुढे ठेवून आली. दुपारी मी दुकान लवकर बंद करून घरी पोहोचलो, तर खळ्यावर भाताची झोडणी चालू, उन्हात कोंडा उडतोय, आणि पडवीत वासंती आणि तिच्या दोन मैत्रिणी पत्रिकांच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावत बसलेल्या. मैत्रिणी बोट टेकवून पत्रिका पुढे सरकवत होत्या आणि वासंती शेवटी बसून प्रत्येक पत्रिकेवर पेनाने काहीतरी लिहीत होती.

कळलं. मी जे छापलं नाही, ते ती हाताने लिहितेय. तीनशे वेळा. मला राग आला, लाज वाटली, आणि कुठेतरी सुटल्यासारखंही झालं. मी पुढे होऊन एक पत्रिका उचलली.

तिच्या नावापुढे काहीच नव्हतं. कोरं, मी सोडलं होतं तसंच.

माझ्या नावापुढे, तिच्या नीटस अंगणवाडी-अक्षरात, कंस होता. कंसात: बी.कॉम., प्रथम वर्ष.

"हे काय?" मी पत्रिका तिच्यापुढे धरली.

"खरं तेच लिहिलंय," ती लिहिता लिहिता म्हणाली. "जुलैत प्रवेश झालाय तुमचा. तुम्हीच नंबर वाचून दाखवला होतात. सही केलेले फॉर्म त्या अल्बमच्या खिशात होतेच. फोटो योगाचा लावलाय, त्यात तुम्ही बारीक दिसता."

मैत्रिणी तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बी.कॉम.च का?" मी कसंबसं विचारलं. "तिथे कृषीचाही फॉर्म होता."

"आधी सुरू केलेलं आधी पुरं करा. मग कृषी करा, नाहीतर अंतराळात जा."

"तुला... कधीपासून माहीत होतं?"

तिने पेनाचं टोपण लावलं. "निकालाच्या दिवशी माझा भाऊ कॉलेजात गेला होता. आपल्या लग्नाला महिना झाला होता तेव्हा. बाबांना सांगितलं नाही आम्ही. त्यांनी पत्रिका भिंतीला लावली होती ना."

"आणि तो मागणीचा नियम? मला विचारायचीस तो?"

आता मात्र मला तिच्या ओठाचा तो दुसरा कोपरा दिसला. "वाटायचं, आज तरी म्हणाल, की मला येत नाही. चार वर्षं विचारलं. उत्तरं मी पुस्तकातूनच लिहायची."

मी खाली बसलो. चटईवर, तिच्या समोर. सव्वीस वर्षांत एवढा हलका मी कधी बसलो नसेन. "पेन आहे का अजून एक?" मी विचारलं.

"कशाला?"

"तुझा कंस राहिलाय."

"जागा आहे का?" तिने विचारलं. मैत्रिणी आता मोठ्याने हसल्या.

जागा होती. तीनशेच्या तीनशे पत्रिकांवर होती. पहिल्यावर माझ्या अंगठ्याची हळद तिच्या बी.ए.वर उमटली, ती पत्रिका मी कोणालाच दिली नाही. ऊन खळ्यावरून उतरलं, झोडणी थांबली, मैत्रिणी घरी गेल्या, आणि आम्ही दोघं शेजारी बसून एकमेकांची नावं पुरी करत होतो. ती माझं, मी तिचं. मानसी चहा घेऊन आली, दोन पत्रिका हातात घेऊन वाचल्या, माझ्याकडे पाहिलं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली, नर्स रोग्याच्या ठेवते तसा.

लग्नात व्याह्यांनी मला मांडवाच्या कडेला गाठलं. चष्मा कपाळावर सारून पत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि हळूच म्हणाले, "प्रथम वर्ष म्हणजे गणित आलं. मागच्या खेपेला गेलेल्या तीन विषयांत तेही होतं, नाही का? शनिवारी येत जा माझ्याकडे." म्हणजे त्यांनाही माहीत होतं! या तालुक्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं न कळलेला मी एकटाच निघालो.

बाजारात मात्र भलतंच झालं. पुढच्या हंगामात लोक येऊन सांगायला लागले, "सर, डिग्र्या छापू नका, हातानं लिवा. तुमच्या पोरीच्या पत्रिकेत होत्या तशा." फॅशनच पडली. अजून मला 'सर' म्हणतात. मी आता 'बोला'च्या आधी 'गणित राहिलंय' असं सांगून टाकतो. कोणी ऐकत नाही.

आणि हो, हा जून. काचेवर आत्ता वासंतीचाच कागद आहे. पर्यवेक्षिका झाली, आता तिला शिक्षणशास्त्राचं दार खुणावतंय. जेवण झालं, विडा घेणार म्हणते. माझं गणित अजून राहिलंच आहे. कळ आली. यायचीच होती. ये बाई, बस.

एका पत्रिकेचं मात्र सांगायचं राहिलं. गावदेवीपुढची. ती तर वासंतीने सकाळीच ठेवली होती, आमच्या दुपारच्या त्या लिहालिहीच्या आधी. रात्रभर मला तेच खुपत राहिलं. देवीपुढे आमच्या घराचा कोरा कागद पडलाय. दुसऱ्या दिवशी उजाडताच खिशाला पेन लावून मी गेलो. तांदळाच्या चार दाण्यांखाली पत्रिका होती, दवाने जरा सादळलेली. उचलून पाहिली.

वासंतीच्या नावापुढे कंस होता. बी.ए., तिच्या स्वतःच्या अक्षरात. देवीपुढे तिने माझी वाट पाहिलीच नव्हती. माझ्या नावापुढे मात्र काही नव्हतं. ते तिने माझ्यावर सोडलं होतं.

मी चपला लांब काढून आलो, खाली बसलो, पत्रिका गुडघ्यावर घेतली. कंस काढला, आत लिहिलं: बी.कॉम., प्रथम वर्ष. मग शेजारशेजारचे दोन्ही कंस नीट पाहिले. हजारो कंस बसवलेला माणूस मी. तरी तिचाच जास्त गोल आला होता.